टीव्ही ऐकायचा की बघायचा? (घरात एचडी आल्यापासून)

माडाखालचा

नवा टीव्ही चवथीला घ्यायचा, असं आमच्या घरात दोन वर्षं ठरत होतं. चवथी आल्या आणि गेल्या. शेवटी मे महिन्यात जुन्या एकवीस इंचीने मान टाकली आणि घाईघाईने ४३ इंची एचडी घरात आला.

आमचं घर फोंड्याजवळच्या एका गावात, जुनं, चिऱ्यांचं. सालात, म्हणजे तुमच्याकडे ज्याला हॉल म्हणतात तिथे, जुना डबा कोपऱ्यात असायचा. त्याच्या पाठीला एवढं पोट होतं की तो दुसरीकडे कुठे मावलाच नसता. त्यामुळे आम्ही सगळे वीस वर्षं तिरपे बसून टीव्ही बघत आलो. नवा भिंतीवर लावायचा म्हणून भोकं पाडली, तर वरचा गिलावाच भुसभुशीत, स्क्रू धरेना. तिसऱ्या जागी कसाबसा बसला. ती जागा भिंतीच्या मधोमध निघाली आणि एका दिवसात सोफा, बाबांची आरामखुर्ची, टीपॉय, सगळं फिरलं.

पण मला लिहायचंय ते वेगळं. आई संध्याकाळी मालिका ‘बघते’ असं आम्ही आजवर म्हणत होतो. आता लक्षात येतंय की ती मालिका ऐकायची. स्वयंपाकघराच्या दारात आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, नारळ खवत बसायची, पाठ टीव्हीकडे. ढॅण् ढॅण् वाजलं की मान वळवायची, कोणाच्या तोंडावर कॅमेरा आहे ते बघायची आणि परत खोबऱ्याकडे. बाबांच्या बातम्याही तशाच, पेपर वाचता वाचता.

नव्या टीव्हीसमोर मात्र नुसतं ऐकणं जमत नाही. आठ दिवस मी समुद्रातले मासे, परक्या देशातल्या मटणाच्या पाककृती, बर्फात कुत्र्यांच्या गाड्या, असलं काय काय पाहिलं. मला त्यात काडीचा रस नाही. केवळ वाहिनीच्या नावापुढे एचडी होतं म्हणून. बाबा खालची पळती पट्टी वाचतात आणि वर निवेदक काय बोलतोय ते त्यांना ऐकूच येत नाही.

आईची तक्रार मात्र निराळी. पहिल्याच दिवशी नायिकेला बघून म्हणाली, “हें चेडूं इतलें मोटें कशें जालें रे?” (ही पोर एवढी जाड कशी झाली?)

तुमच्याकडे असं काही झालं का? म्हणजे बघण्याची पद्धतच बदलली, असं?

---

रातांबा

काकूंची नजर पक्की आहे. चेडूं जाड झालेलं नाही, तुम्ही ताणलंय.
सेट-टॉप बॉक्सची मांडणी अजून चारास तीन (रुंदी चार, उंची तीन) असणार आणि टीव्ही तेच चित्र सोळास नऊ करून दाखवतोय. आडवं सगळं एक तृतीयांशाने वाढतं. गाडीची चाकं बघा, अंड्यासारखी दिसतील.
बॉक्स ते टीव्ही वायर कोणती आहे?

माडाखालचा

लाल, पांढरी, पिवळी. जुन्या टीव्हीचीच. बसवायला आलेला मुलगा “हीच चालता” म्हणाला आणि गेला.

रातांबा

म्हणजे आठ दिवस तुम्ही एचडी बघितलेलंच नाही. :)

माडाखालचा

मग ते मासे?

रातांबा

मासे एसडी, म्हणजे जुनंच साधं चित्र. मोठे होते, एवढंच.

---

निवृत्त_प्रक्षेपक

माझी सगळी नोकरी प्रक्षेपणाच्या कामात गेली, तेव्हा जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आपल्या जुन्या पॅल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. डिजिटलमध्ये तेच ७२० गुणिले ५७६ ठिपके. पूर्ण एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०. गुणाकार करून पाहा, बरोबर पाच पट भरतं. माडाखालच्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत आणि त्या पिवळ्या वायरीतून येतंय जेमतेम चार लाखांचं चित्र. उरलेले टीव्ही शेजारचे ठिपके बघून अंदाजाने भरतो. म्हणून चेहरे मेणाचे वाटतात. जुनी ट्यूब आलेल्या रेषा तशाच ओढायची, अंदाज करत बसायची नाही. ‘जुन्या टीव्हीवर बरं दिसत होतं’ असं लोक म्हणतात ते खोटं नसतं.

आता बसण्याबद्दल. एचडीचा पाया जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने घातला, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर. त्यांनी रेषा वाढवायला घेतल्या त्या नुसत्या चित्र रेखीव करण्यासाठी नाही. चित्र डोळ्यापुढे किती रुंद पसरलं की माणसाला आपण तिथेच आहोत असं वाटतं, हे त्यांनी माणसं बसवून तपासलं. उत्तर साधारण तीस अंशांच्या आसपास आलं. जुना टीव्ही योग्य अंतरावरून बघितला तर जेमतेम बारा-तेरा अंश भरायचा. म्हणून पडदा रुंद झाला, रेषा ११२५ झाल्या आणि बसायचं अंतर ठरलं चित्राच्या उंचीच्या तिप्पट. जुन्या पद्धतीत ते सहा-सात पट होतं.

४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. तिप्पट म्हणजे सव्वापाच फूट. तुमचा सोफा किती लांब आहे?

माडाखालचा

काका, सोफा नऊ फुटांवर. आईचं दार बारा फुटांवर असेल.

निवृत्त_प्रक्षेपक

मग बारा फुटांवरून चांगल्या डोळ्यालाही एसडी आणि एचडी यांतला फरक फारसा कळणार नाही. त्या अंतरावर एसडीचा ठिपकाच डोळ्याला वेगळा दिसत नाही, तर त्याहून बारीक करून काय उपयोग? आईंना नायिका जाड दिसली तो आकाराचा दोष, रेषांचा नाही. आकार बारा फुटांवरूनही कळतो.

तुमचा मूळ मुद्दा मला पटला. आधीचा टीव्ही दूर ठेवून जगायला केलेला होता, हा जवळ ओढून घेतो. पण आपल्या घरांत खुर्च्या अजून जुन्याच अंतरावर आहेत.

---

पेठेतला_पाहुणा

पुण्याहून लिहितोय, म्हणून गोव्याच्या खोबऱ्याबद्दल काही बोलत नाही.

धागा छान, पण निष्कर्ष पटला नाही. आमच्याकडे ५५ इंची आहे, तोही फोरके. समोर चार माणसं. बायको फोनवर, मुलगा फोनवर, मुलगी फोनवर, आणि मी या तिघांकडे बघतोय. टीव्ही चालू असतो, पण बघतो कोण? तुमची आई नारळ खवता खवता ऐकायची, आम्ही फोन चाळता चाळता ऐकतो. तुमच्या आईच्या हाती निदान खोबरं तरी लागायचं.

बदल केला असेल तर तो फोनने. एचडीने फक्त बिल वाढवलं.

तिरफळ

पेठेतले, मालिकांपुरतं मान्य. फुटबॉल आला की गप्प बसा.

जुन्या टीव्हीवर लांबून घेतलेल्या दृश्यात चेंडू म्हणजे दोन-चार ठिपके. उंच उडाला की प्रेक्षकांच्या गर्दीत नाहीसा. म्हणून कॅमेरा सारखा जवळ. एक खेळाडू, त्याचे पाय, घाम. बाकीचे कुठे उभे आहेत ते आपण समालोचकावर विश्वास ठेवून समजून घ्यायचं. एचडीत अर्धं मैदान एका दृश्यात मावतं आणि तरी चेंडू दिसतो. आमच्या बारमधले म्हातारेसुद्धा आता चेंडूवाल्याला सोडून ‘तो बघ, उजवीकडून धावतोय, त्याला दे’ असं ओरडतात. पूर्वी गोल झाल्यावर ओरडायचे, आता पास द्यायच्या आधी.

१५ जून २०१८, पोर्तुगाल-स्पेन, ३-३. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू. रोनाल्डोने शेवटी फ्री किक मारली तेव्हा भिंतीवरून चेंडू वळताना त्याची शिवण फिरलेली मी पाहिली आहे. शपथेवर सांगतो.

रातांबा

शिवण फिरलेली फेणीतही दिसते.

तिरफळ

उर्राक, काजूची पहिल्या धारेची. जून होता, पण शिल्लक होती. :)

बरं, एक उलटं पण सांगतो. २०१५ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल फातोर्ड्याला, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-१ पुढे आणि मग २-३ हरलो. मी मैदानात होतो. भाऊ घरी, मोठ्या पडद्यासमोर. घरी आलो तर तो मला समजावतोय, आपल्या गोलकीपरचं नेमकं काय चुकलं, हात कुठे होता, पाय कुठे होता. मी प्रत्यक्ष बघून आलेला माणूस, आणि मला काहीच सांगता येईना. मला फक्त आठवत होतं की आख्खं फातोर्डा एकदम शांत झालं.

---

नाटक्या

इथे कोणी नाटकाचं बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होतं. गावातलेच नट, मीही त्यांत. आमची रंगभूषा आजवर दहाव्या रांगेसाठी केलेली असायची. भुवया कोळशासारख्या, गाल लाल, मिशी डिंकाने चिकटवलेली. मंडपात लांबून बघितलं तर राजा राजाच दिसतो. रंगभूषा करणारे काका तीस वर्षं हेच करत आले आणि बरोबरच करत आले.

हल्ली गावातला एक मुलगा मोबाइलवर पूर्ण नाटक एचडीत उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर घालतो. लोक ते घरी टीव्हीवर लावतात. रात्री मंडपात ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच दुपारी पेज जेवून झाल्यावर सोफ्यावर बसून सांगतात, तिसऱ्या अंकात मिशीचं डावं टोक सुटलं होतं. तलवारीला चांदीचा कागद लावलाय तो दिसतो. पडद्यामागे प्रॉम्प्टरचा चष्मा चमकतो. एकदा तर नाटक थांबवून, मोठं करून, माझ्या मनगटावरचं घड्याळ शोधलं. ऐतिहासिक नाटक होतं हो.

यावरून आमच्यात गेल्या वर्षी भांडण झालं. तरुण म्हणतात, रंगभूषा हलकी करा, टीव्हीवर भयानक दिसते. काका म्हणतात, मी देवासमोर बसलेल्या माणसांसाठी रंगवतो, तुमच्या डब्यासाठी नाही. शेवटी काकांचंच चाललं. पण मिशीला आता चांगला डिंक आणतो आणि घड्याळं एका पिशवीत गोळा करतो.

एक मात्र खरं. परगावी गेलेली आमची माणसं आता नाटक बघतात. पुढच्या वर्षी तरी यायचं म्हणतात. येत नाहीत, पण म्हणतात.

अबोली

नाटक्या, वाचून हसू आवरेना.

आमच्या सासूबाईंचं असंच. म्हार्दोळच्या महालसेची जायांची, म्हणजे जाईच्या कळ्यांची, पूजा. आता गुडघ्यांमुळे देवळात जाणं होत नाही, म्हणून टीव्हीवर मोबाइलचं थेट प्रक्षेपण लावून देतो. पहिल्या वर्षी चित्र पुसट होतं. त्या हात जोडायच्या, डोळे मिटायच्या, पाच मिनिटांत उठायच्या. यंदा चित्र स्वच्छ आलं. हात जोडले, पण डोळे मिटलेच नाहीत! कळी अन् कळी दिसत होती. तासभर बसल्या आणि मग कोणत्या बाजूचा हार विरळ पडलाय, कोणाच्या घरचा असेल, पूर्वी किती दाट असायचे, हे सगळं सुरू झालं. मी म्हटलं, “आई, नमस्कार करा ना.” तर म्हणाल्या, “केला गे. आता बघू दे.”

पेठेतले, आमच्या घरात त्या तासात कोणी फोन घेतला नाही. चित्राची हिंमत नव्हे ती, सासूबाईंची.

पेठेतला_पाहुणा

अशी सासू आमच्याकडे पाठवा. महिनाभर.

---

पै_पै

कोणी खर्चाचं बोलत नाही ते बरं आहे.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दर लागू झाले ते आठवतं? तेव्हा १३० रुपये अधिक कर, त्यात १०० वाहिन्या. पण एक एचडी वाहिनी म्हणजे दोन एसडी धरायच्या. आम्ही घरातले पाच जण कागद-पेन घेऊन बसलो होतो, वाटणीला बसल्यासारखे. तेव्हा पहिल्यांदा कळलं की कोण खरंच काय बघतं. तोवर दोनशे वाहिन्या ‘येत’ होत्या, बघत कोणी नव्हतं. शेवटी ठरलं की खेळ एचडीत, निसर्गाची एक वाहिनी एचडीत, मालिका आणि बातम्या एसडीत. रडणं कमी ठिपक्यांत भागतं.

मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत आल्या त्या २०१६ मध्ये. आमच्याकडे अजून घेतलेल्या नाहीत. कोणाचं काही अडलं नाही.

कुळागरकर

जुने सिनेमे आणि जुन्या मालिका यांतला फरक कोणाला जाणवला का? १९६० च्या दशकातला कृष्णधवल चित्रपट एचडीत असा कोरा दिसतो की साडीचा पोत कळतो, आणि १९९५ ची मालिका मात्र पाण्यात भिजवून काढल्यासारखी.

निवृत्त_प्रक्षेपक

कारण चित्रपट फिल्मवर आहे. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर एचडीपेक्षाही जास्त तपशील असतो. पट्टी जपलेली असेल तर आज पुन्हा स्कॅन करून काढता येतो. त्या काळातल्या बहुतेक मालिका व्हिडिओ टेपवर. टेपवर जेवढ्या रेषा उतरल्या तेवढ्याच, नंतर कोणी कितीही जोर लावला तरी वाढत नाहीत. म्हणून आजोबा नातवापेक्षा तरुण दिसतात.

कुळागरकर

धन्यवाद काका. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं तेव्हा आमच्या आजोबांनी दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं. पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत, मग चित्र अर्धवट का? शेवटी ताणून दिलं. सगळे देव रुंद झाले. त्यांना चाललं.

---

माडाखालचा

अहवाल देतो.

एचडीएमआय वायर आणली, बॉक्सची मांडणी सोळास नऊ केली, मराठीचा एचडी पॅक घेतला. (पै_पै, माफ करा.) सोफा सात फुटांवर ओढला. बायकोने परत साडेसातांवर नेला. आता तिथेच आहे.

नायिका बारीक झाली. आई पाच मिनिटं सोफ्यावर येऊन बसली आणि नीट निरखून म्हणाली, सासूच्या कपाळावर केसांचा टोप कुठून सुरू होतो ते दिसतं, देवघराची भिंत प्लायवूडची आहे, आणि सुनेने रडताना डोळ्यांत काहीतरी घातलंय. मग उठली आणि दारात आपल्या आदोळीवर गेली. त्यानंतर एचडी वाहिनीवर यायलाच तयार नाही. रिमोट हातात आला की जुना, एसडीचाच नंबर दाबते. मी आवडत्या वाहिन्यांची यादी करून दिली, एचडी सगळ्यांत वर ठेवलं. तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणते, “म्हज्या बोटांक तो नंबर खबर आसा.”

रातांबा

बारा फुटांवरून तसाही फरक नाही. काका बोललेच होते.

अबोली

खोबरं खवताना सासूचा टोप कशाला बघायचा? काकू शहाण्या आहेत.

तिरफळ

पण पाऊस सुरू झालाय. तुमची डिश कुठे आहे? माडाखाली?

माडाखालचा

नावावर जाऊ नका. डिश छपरावर, तोंड आग्नेयेला. पण त्या बाजूलाच माड आहे आणि वाऱ्याने चुडतं आडवी आली की चित्र अडखळतं.

निवृत्त_प्रक्षेपक

डीटीएच केयू बँडच्या लहरींवर चालतं. त्या लहरी इतक्या आखूड असतात की जोराच्या पावसाचे थेंब त्यांना अडवतात आणि शोषतात. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण गोष्ट कळायची. डिजिटलमध्ये चित्र आहे तोवर स्वच्छ, मग चौकोन, मग काहीच नाही. आणि बऱ्याच ठिकाणी एचडी वाहिन्या जास्त माहिती कोंबणाऱ्या पद्धतीने पाठवतात, तिला सिग्नलही जास्त चोख लागतो. पडत्या पावसात त्या आधी जातात.

डिशचा सांधा आणि स्क्रू एकदा बघून घ्या. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि डिश एवढीशी हलली तरी पुरतं.

माडाखालचा

काका, कालचं सांगतो.

रात्री पावणेआठला पाऊस आला. असा की समोरचं कुळागर दिसेना. बाबा आणि मी एचडीवर बातम्या बघत होतो. निवेदकाचे चौकोन झाले, मग काळा पडदा आणि सिग्नल नसल्याची पाटी. मी बॉक्स बंद करून चालू केला. वायर काढून लावली. बाबा म्हणाले, डिश हलली असेल, छत्री घे. मी छत्री शोधायला गेलो.

तेवढ्यात मागून ढॅण् ढॅण् ऐकू आलं. वळून बघतो तर मालिका चालू. आईने दारातूनच रिमोट मागून घेतला होता आणि आपला नंबर दाबला होता. एसडी. चित्र मधूनच तुटत होतं, पण आवाज धड होता.

बाबा म्हणाले, “बातम्या?” आई काही बोलली नाही. रिमोट आदोळीच्या पलीकडे ठेवला आणि दुसरी कवड हातात घेतली.